‘संत तुकाराम’ची सबटायटल्स: प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

काम ठरलं. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ला दोन प्रकारची सबटायटल्स करायची. एक इंग्रजी, परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी आणि अमराठी मित्रांसाठी. दुसरी मराठीतच, कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. सोबत एक नवं पोस्टर. सगळे हौशी आहोत, पैसे कोणी घेणार नाही. टायमिंगची बाजू बघणारा दादा जपानी अ‍ॅनिमेच्या फॅनसबमधून, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच केलेल्या सबटायटल्सच्या जगातून आलेला आहे. पोस्टर आमची चित्रकार मैत्रीण करणार. कायद्याचं बघायला वकील काकू तयार झाल्या आहेत, आणि त्यांची पहिली अट अशी की एकही ओळ बाहेर जाण्याआधी कोणत्या गोष्टीवर कोणाचा हक्क आहे हे कागदावर मांडायचं. पटलं. चाहत्यांची कामं बहुतेक वेळा इथेच अडतात, कारण हा कागद कोणी करतच नाही.

९ जून

काकूंनी थरांची यादी करून घेतली. चित्रपट हा एक थर. संवाद दुसरा. गाथेतले अभंग तिसरा. चित्रपटासाठी नव्याने लिहिलेली गीतं चौथा. संगीत पाचवा. जाहिरातीची चित्रं, छायाचित्रं, कंपनीचं बोधचिन्ह हे त्यापुढचे.

चित्रपटाचं सरळ आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९३६ सालच्या चित्रपटाची ही मुदत कधीच संपली. ‘मग झालंच की’ असं आमच्यातल्या दोघांना वाटलं, पण कलम १३ मध्ये स्पष्ट आहे की चित्रपटाच्या हक्कामुळे त्यात वापरलेल्या इतर कृतींच्या स्वतंत्र हक्काला बाध येत नाही. चित्रपट मोकळा झाला तरी त्यातले शब्द मोकळे झाले असं होत नाही. आणि सबटायटल करणाऱ्याचं सगळं काम शब्दांशीच असतं.

शब्दांची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तुकोबा सतराव्या शतकातले, त्यामुळे अभंगांचा प्रश्न नाही. पण ‘आधी बीज एकले’ हे गीत गाथेतलं नाही. ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलं. आठवले १९७५ साली गेले. म्हणजे त्या गीताचा हक्क ३१ डिसेंबर २०३५ पर्यंत आहे. संवादही शिवराम वाशीकरांचे. ते हक्काखाली आहेत असं धरूनच चालायचं, असं काकूंनी सांगितलं.

१६ जून

अनुवाद हा कायद्यात मूळ लेखकाचाच हक्क आहे, कलम १४ मध्ये तो नाव घेऊन दिला आहे. सबटायटल म्हणजे संवादाचा अनुवाद. तेव्हा ‘आम्ही फक्त सबटायटलची फाइल देतो, चित्रपट देत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. दादाला हे पचायला जड गेलं. फॅनसबच्या जगात वर्षानुवर्षं हाच बचाव सांगितला जातो.

हा बचाव कोर्टात मांडूनही झाला आहे. नेदरलँड्समध्ये सबटायटल करणाऱ्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून एक संस्था उभी केली आणि तिथल्या हक्कधारकांच्या ‘ब्राइन’ या संघटनेविरुद्ध स्वतःच दावा लावला. आमचं काम कायदेशीर आहे असं एकदा कोर्टाने सांगावं, एवढीच मागणी. एप्रिल २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने निकाल उलट दिला: परवानगीशिवाय सबटायटल तयार करणं आणि वाटणं म्हणजे हक्कभंगच. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये ‘उंडरटेक्स्टर’ हे सबटायटल्सचं संकेतस्थळ चालवणाऱ्याला प्रोबेशन झालं आणि २,१७,००० क्रोनर भरावे लागले. तिथल्या सर्व्हरवर पोलिसांनी २०१३ मध्येच धाड घातली होती. चीनमधल्या ‘रनरन’ या मोठ्या सबटायटल गटाच्या संस्थापकाला नोव्हेंबर २०२१ मध्ये शांघायच्या न्यायालयाने साडेतीन वर्षांची कैद सुनावली. तिथे मात्र चित्रपटांच्या प्रतीही वाटल्या जात होत्या आणि पैसाही फिरत होता, म्हणून ते प्रकरण आमच्या तागडीत घालायचं नाही. डच निकाल मात्र थेट आमच्यासारख्यांबद्दलचा आहे.

‘पैसे घेत नाही’ याचं काय? आपल्याकडे कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. कमी करू शकतं, माफ नाही. हे आम्ही सगळ्यांनी नीट वाचलं.

३० जून

दादाने फॅनसबची जुनी रीत सांगितली ती इथे लिहून ठेवण्यासारखी आहे. एखाद्या मालिकेचे हक्क परदेशातल्या कंपनीने रीतसर घेतले की चांगले गट आपली सबटायटल्स खाली उतरवायचे. हा कुठला कायदा नव्हता, आपसातला नियम होता. त्यांचं म्हणणं, आमचं काम लोकांपर्यंत गोष्ट पोचवायचं, ती अधिकृत वाटेने पोचली की आमचं काम झालं. २००४ च्या अखेरीस जपानच्या मीडिया फॅक्टरी या कंपनीने वकिलांकरवी पत्रं पाठवली तेव्हा कित्येक जणांनी वाद न घालता तिच्या मालिका काढून टाकल्या. क्रंचीरोल हे अ‍ॅनिमे दाखवणारं संकेतस्थळही २००६ मध्ये चाहत्यांनी चढवलेल्या फायलींवर उभं राहिलं आणि २००९ पासून परवान्याने दाखवायला लागलं.

चित्रांच्या बाबतीत जपानची रीत आणखी मोकळी. डिसेंबर १९७५ पासून टोकियोत कॉमिकेट भरतो, तिथे चाहते दुसऱ्यांच्या पात्रांवर स्वतः काढलेली चित्रपुस्तकं विकतात. कायद्याने बघितलं तर बहुतेकांना परवानगी नसते. तरी मूळ चित्रकार बघून न बघितल्यासारखं करतात, कारण त्यातूनच उद्याचे चित्रकार तयार होतात. २०१८ च्या डिसेंबरात तिथला कायदा बदलला आणि काही हक्कभंगांवर तक्रारीशिवायही खटला भरता येऊ लागला. तेव्हा या चाहत्यांच्या पुस्तकांना मुद्दाम बाहेर ठेवलं गेलं. जिब्ली स्टुडिओने तर २०२० मध्ये आपल्या चित्रपटांतली शेकडो चित्रं खुली केली आणि तारतम्य ठेवून मोकळेपणाने वापरा असं सांगितलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे की दोन्हीकडे हक्कधारक कोण आणि चाहता कोण हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडे जुन्या मराठी चित्रपटांबाबत हक्क कोणाकडे आहे हेच कुठे लिहिलेलं नसतं. मग कोणी दुर्लक्ष करायचं, आणि कोणी परवानगी द्यायची?

१७ जुलै, आषाढी एकादशी

आज एकच महत्त्वाचा निर्णय. कामाचा क्रम उलटा केला: आधी कर्णबधिरांसाठीची मराठी कॅप्शन्स, मग इंग्रजी.

कारण कायद्यातच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक पोटकलम आलं. अपंग व्यक्तींना कृतीचा आस्वाद घेता यावा म्हणून ती सुगम रूपात आणणं, तिच्या प्रती काढणं, त्यांच्यापर्यंत पोचवणं हा हक्कभंग धरला जात नाही. अटी दोनच मोठ्या: नफा नको, फार तर खर्च निघावा, आणि संस्था काम करत असेल तर त्या प्रती अपंग व्यक्तींकडेच राहतील, बाजारात शिरणार नाहीत याची काळजी घ्यावी. इथे आठवल्यांचं गीत असो की वाशीकरांचे संवाद, जसेच्या तसे मराठीत पडद्यावर लिहायला आडकाठी नाही. आम्ही ज्या कर्णबधिर शाळेशी बोलतोय तिथल्या बाई हे ऐकून म्हणाल्या, ‘अहो, मग इतकी वर्षं कोणी केलं का नाही?’

खरंच, का नाही? एकाच भाषेतली सबटायटल्स ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून ती मांडली, साक्षरतेसाठी. चित्रपटगृहांत कर्णबधिर आणि दृष्टिहीन प्रेक्षकांची सोय कशी करावी याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं याच वर्षी मार्चमध्ये आली. ती नव्या चित्रपटांसाठी आहेत. जुन्यांचं कोणी बघत नाही, ते चाहत्यांनीच करायला हवं.

४ ऑगस्ट

टायमिंग. डीव्हीडीवरचा चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमने चालतो, मूळ फिल्म २४ ने. मूळ एक तासाची लांबी डीव्हीडीवर ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपते. शाळेच्या प्रोजेक्टरवरची प्रत २४ ची आहे. एका प्रतीवर बेतलेली फाइल दुसरीला लावली की पहिल्या काही सेकंदांत काही जाणवत नाही, आणि मध्यंतरापर्यंत तुकोबांची बायको जिजाई बोलून घराबाहेर पडते तेव्हा तिचं वाक्य यायला लागतं. दादाने ‘सबटायटल एडिट’ या संगणक प्रोग्राममध्ये फ्रेमदर बदलून दोन वेगळ्या फायली केल्या आणि दर रिळाच्या सांध्यावर तपासल्या. जुन्या प्रतींमध्ये सांध्यापाशी काही फ्रेम गळालेल्या असतात, तिथे हातानेच सरकवावं लागतं.

ओळींचा नियम: एका वेळी दोनच ओळी, ओळीत ४० च्या आसपास अक्षरं, आणि एक कॅप्शन किमान दीड सेकंद. अभंगाला हा नियम लावायचा नाही. गाणारा ओळ संपवेपर्यंत ती पडद्यावर राहू द्यायची.

२८ सप्टेंबर

पहिलं दाखवणं, शाळेतल्या मोठ्या मुलांना आणि काही माजी विद्यार्थ्यांना. आमच्या गटातली कर्णबधिर ताई पुढे बसून नोंदी घेत होती.

सुरुवातीलाच अडलं. चित्रपट उघडतो तो तुकोबांच्या गाण्याने, आणि तेच शब्द पुढच्या प्रसंगात देवळात तुकोबांचा मत्सर करणाऱ्या सालोमालोच्या तोंडी येतात, स्वतःची रचना असल्याच्या थाटात. ऐकणाऱ्याला आवाज बदलला, चाल बदलली हे लगेच कळतं आणि चोरी उघडी पडते. आमच्या कॅप्शनमध्ये दोन्हीकडे तेच शब्द, तसेच. मुलांना वाटलं की एकच गाणं सलग चालू आहे. ताईने थांबवायला सांगितलं आणि खुणांनी विचारलं, गातंय कोण ते का लिहीत नाही? आता प्रत्येक गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव येतं, सालोमालोच्या वेळी ‘दुसऱ्या चालीत, आलापी घेत’ असंही. टाळ, चिपळ्या, मृदंग कुठे सुरू होतात, कुठे थांबतात हे लिहिलं. मुलगा आजारी म्हणून जिजाई हातात पायताण घेऊन देवळात शिरते त्या प्रसंगात मागचा आवाज काय करतो हेही ताईच्या सांगण्यावरून घातलं. ऐकू येणाऱ्या आम्हा लोकांना तिथे काही लिहायची गरज आहे हे सुचलंच नसतं.

सालोमालोवर तुकोबांचा अभंगच आहे, ‘म्हणती एकाचें आपुलें’. कॉपीराइटचा कायदा यायच्या कितीतरी आधी देहूच्या वाण्याने नेमकी तक्रार नोंदवली: दुसऱ्याचं ते आपलं म्हणून सांगतात.

६ ऑक्टोबर

कालच्या बैठकीत ‘आधी बीज एकले’वर बराच वेळ गेला. कित्येकांना हा तुकोबांचाच अभंग वाटतो, इतका तो त्या वळणावर बसला आहे. सालोमालोने तुकोबांचं आपल्या नावावर घातलं, आणि इथे आठवल्यांचं गीत लोकांनी प्रेमाने तुकोबांच्या नावावर घातलं. कवीचं नाव दोन्हीकडे गेलंच. कलम ५७ प्रमाणे लेखकाला आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा वेगळा हक्क असतो, आर्थिक हक्क विकून टाकले तरीही. आम्ही ठरवलं की या गीताची पहिली ओळ येते तिथे ‘गीत: शांताराम आठवले’ असं पडद्यावर ठळक येणार. अभंगांना ‘तुकोबांचा अभंग’. हे कायद्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि चाहत्यांच्या सगळ्या कामांत हा पहिला नियम असायला हवा.

३ नोव्हेंबर

पोस्टर. मैत्रिणीने दोन कच्ची चित्रं आणली. एकात पुष्पक विमान वर चाललंय आणि खाली जिजाई म्हशीजवळ उभी, वैकुंठाला यायला तयार नसलेली. हे तिचं स्वतःचं आहे. प्रसंगाची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, ती कशी मांडली त्याला संरक्षण असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात हे सांगून ठेवलं आहे. दुसरं चित्र तिने जुन्या जाहिरातीवरून काढलेलं. त्या जाहिरातीवर चित्रकाराचं नाव नाही. अशा निनावी चित्राची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणून तेही चालतं.

हाताने सही केलेलं चित्र असेल तर प्रत्येकाचं साल बघावं लागतं. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, त्यांची चित्रं २०१४ अखेर मोकळी झाली. या चित्रपटाचे एक दिग्दर्शक दामलेमामा १९४५ मध्ये गेले, म्हणजे २००५ अखेर. दुसरे दिग्दर्शक साहेबमामा फत्तेलाल १९६४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांची मुदत येत्या ३१ डिसेंबरला संपतेय.

प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारीवाली मात्र पोस्टरवर घ्यायची नाही. व्यापारचिन्हाचा हक्क वेगळा असतो, तो कॉपीराइटबरोबर संपत नाही. शिवाय ती घातली की आमचं पोस्टर कंपनीनेच काढलंय असं वाटेल. मैत्रिणीला वाईट वाटलं. तिने कोपऱ्यात स्वतःची सही मोठी केली आणि खाली ‘चाहत्यांचं काम, अधिकृत नाही’ अशी ओळ घातली.

१५ डिसेंबर

इंग्रजीची स्थिती. घरी बसून स्वतःपुरता अनुवाद करायला कायद्याची हरकत नाही, खासगी वापर कलम ५२ मध्ये बसतो. म्हणून अनुवाद पूर्ण केला. बाहेर काढलेला नाही.

अभंगांच्या इंग्रजीसाठी दिलीप चित्र्यांचे अनुवाद समोर होतेच, त्यांच्यासारखं करणं कोणालाच सोपं नाही. पण मूळ अभंग मोकळा असला तरी चित्र्यांचा अनुवाद त्यांचा आहे. ते २००९ मध्ये गेले, म्हणजे २०६९ अखेरपर्यंत. एकही ओळ उचललेली नाही, सगळे अभंग आम्हीच केले, आणि ते करताना त्यांचं पुस्तक मुद्दाम मिटून ठेवलं.

अमेरिकेतल्या एका मंडळाने खेळासाठी विचारलं होतं. त्यांना थांबा म्हणून कळवलं. तिथली गणितं निराळी आहेत: १९३६ सालच्या परदेशी कृतीला तिथे हक्क पुन्हा बहाल झालेला असेल तर तो ९५ वर्षं, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत चालतो. इथे मोकळं ते तिथे मोकळं असेलच असं नाही.

हक्क ज्यांच्याकडे असावेत असं कळलं त्यांना संवाद आणि गीत दोन्हींसाठी पत्रं गेली आहेत. पत्रात आम्ही काय करणार, कुठे दाखवणार, पैसे घेणार नाही आणि नको म्हणालात तर फाइल पुसू, एवढं साधं लिहिलं.

१९ जानेवारी २०२५

गटात मतभेद. मराठी कॅप्शन्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करावीत असं तिघांचं म्हणणं. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांनाही उपयोग होईल, हा मुद्दा खोटा नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दोन्ही कानांना ७० डेसिबल ऱ्हास असेल तर कर्णबधिर आणि ६० ते ७० असेल तर ऐकण्यात अडचण असलेली व्यक्ती धरतात. पन्नाशी-साठीपुढच्या कितीतरी माणसांचं ऐकणं त्याच्या अलीकडे येऊन थांबतं आणि कायद्याच्या आकड्यात ती बसत नाहीत.

तरी खुली करायची नाहीत, असं मी ठामपणे मांडलं. हे पोटकलम कर्णबधिरांसाठी मिळवलेली वाट आहे. तिचा आडोसा घेऊन आपण सगळ्यांना फाइल वाटली तर उद्या या वाटेवरच संशय येईल, आणि नुकसान ताईसारख्यांचं होईल. ताईचं मतही हेच पडलं. फाइल शाळांना आणि कर्णबधिरांच्या संस्थांना देणार, मागणाऱ्या व्यक्तीला थेट देणार. आजोबांसाठी घरी लागणारी प्रत ज्याची त्याने करावी.

१६ मार्च, तुकाराम बीज

शाळेच्या सभागृहात पूर्ण चित्रपट दाखवला. सभागृह भरलं होतं. जिजाई देवळात शिरली तेव्हा पुढच्या रांगांत हात उंचावून टाळ्या झाल्या. सालोमालोच्या नावाची ओळ आली की आता मुलं एकमेकांना कोपराने ढोसतात. आणखी दोन शाळांनी फाइल मागितली, दोन्ही फ्रेमदरच्या प्रती पाठवल्या.

पत्रांची उत्तरं अजून आलेली नाहीत. काकूंनी पुढची वाट काढली आहे. कलम ३१क खाली, लेखक हयात नसेल किंवा हक्कधारक सापडत नसेल तर प्रकाशित कृतीच्या अनुवादासाठीही परवाना मागता येतो. आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात एका अंकात आपला प्रस्ताव छापायचा, मग अर्ज. पूर्वी हे बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे होतं, ते २०२१ मध्ये गुंडाळलं गेलं, आता न्यायालयात जावं लागेल. रॉयल्टी ठरेल ती भरायची, त्यासाठी वर्गणी काढावी लागेल. नोटिशीचा मसुदा काकू पुढच्या रविवारी आणतील. तोवर ‘आधी बीज एकले’च्या जागी इंग्रजी फाइलमध्ये फक्त कवीचं नाव ठेवलं आहे, ओळी रिकाम्या.